शॅमरॉकच्या वस्तू घरी करायच्या तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डब्लिनला भाड्याच्या घरात राहता, मुलगी तिथल्या प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. मार्च उजाडला की वर्गात सेंट पॅट्रिक्स डेची, म्हणजे १७ मार्चच्या आयरिश सणाची तयारी सुरू होते. शॅमरॉक ही त्या सणाची खूण, तीन भागांचं छोटं हिरवं पान. दुकानातल्या चकचकीत प्लॅस्टिकच्या माळा आणण्यापेक्षा आपल्या हातानं काहीतरी करावं असं तुम्हाला वाटतं, पण गेल्या वर्षी केलेली पानं बघून मुलगी म्हणाली, "आई, हे शॅमरॉक नाही." आणि घरमालकाच्या भीतीनं भिंतीला टेपसुद्धा लावता येत नाही.

मी बरीच वर्षं मुलांना आणि त्यांच्या आयांना कातरकाम, ठसेकाम आणि क्रोशा शिकवते, आयर्लंडमध्येही शिकवलंय. माझं म्हणणं सरळ आहे. आधी एक पान नीट जमवा, आणि ते लहान ठेवा. शॅमरॉक ही मुळात कोटावर खोचायची चिमूटभर हिरवळ आहे. दारभर, भिंतभर पानं लावायची हौस नंतरची. पान जमलं की त्याची माळ करा, ठसा करा, बिल्ला करा, काहीही करा, ते शॅमरॉकच दिसेल.

मुलीनं नाक का मुरडलं असेल याचा अंदाज मी करू शकते. बहुतेक तुम्ही चार पानं केली असणार. चार पानांचं क्लोव्हर (क्लोव्हर म्हणजे कुरणात उगवणारं, मेथीसारख्या पानांचं बारीक रोप) हे नशिबाचं चिन्ह. ते चुकून एखाद्या रोपाला येतं आणि सापडलं की माणूस खूश होतो. शॅमरॉक तीन पानांचाच. पाचव्या शतकातल्या संत पॅट्रिकनं तीन पर्णिका (एकाच पानाचे तीन छोटे भाग) आणि एक देठ दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रयी लोकांना समजावली अशी कथा आहे. कथा लिहिलेली सापडते ती पॅट्रिकनंतर कितीतरी शतकांनी. केलेब थ्रेलकेल्ड नावाच्या वैद्यानं १७२६ साली आयर्लंडच्या वनस्पतींवर एक पुस्तक छापलं, त्यात १७ मार्चला लोक हे पान टोपीत खोचतात आणि त्यामागे ही कथा सांगतात अशी नोंद आहे. तेव्हा कथा खरी-खोटी काहीही असो, खोचायची पद्धत चांगलीच जुनी आहे, आणि तीन हा आकडा त्यात ठरलेला आहे. चौथं पान लावलंत की अर्थच गेला.

आता पानाचा आकार. 'शॅमरॉक' नावाचं एकच ठराविक झाड नाही. नॅथॅनिएल कोलगन या निसर्गअभ्यासकानं १८९३च्या सुमारास देशभरातल्या लोकांना सांगितलं, तुम्ही ज्याला शॅमरॉक म्हणता ते रोप मला पाठवा. चार्ल्स नेल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९८८ साली तोच उद्योग पुन्हा केला. दोन्ही वेळा पहिला नंबर लागला पिवळ्या फुलांच्या बारीक क्लोव्हरचा आणि दुसरा पांढऱ्या क्लोव्हरचा. थोड्या लोकांनी काळ्या शेंगांचा मेडिक (क्लोव्हरसारखंच दिसणारं रोप), लाल क्लोव्हर, तर काहींनी चक्क आंबट चवीचं रानातलं ऑक्झॅलिस पाठवलं होतं. म्हणजे आयरिश माणसांतही यावर एकमत नाही, त्यामुळे तुम्ही फार घाबरू नका. पण या सगळ्यांत समान काय ते बघा: तीन सारख्या पर्णिका, एका जागी मिळालेल्या, खाली बारीक देठ.

आपल्या डोळ्याला तीन पानं म्हटलं की बेल आठवतो, आणि गडबड इथेच होते. बेलाचं मधलं पान लांब, टोकदार आणि वेगळ्या देठावर पुढे आलेलं असतं. हात नकळत तसंच काढतो. त्यापेक्षा मेथीची जुडी समोर ठेवा. मेथी ही क्लोव्हरची जवळची नातलग, एकाच कुळातली, आणि तिच्या पानाच्या पर्णिका गोलसर, टोकाला बोथट असतात. कुंडीत आपोआप उगवणारी आंबुशी तर ऑक्झॅलिसच आहे. तिची पानं नेमकी हृदयाच्या आकाराची. शुभेच्छापत्रांवरचा शॅमरॉक खऱ्या क्लोव्हरपेक्षा या आंबुशीसारखाच जास्त दिसतो. खऱ्या क्लोव्हरच्या पर्णिकेला वरच्या कडेला खाच असते ती अगदी हलकी, असली-नसली अशी. सजावटीत आपण ती जरा वाढवून हृदय करतो. पण खाच पर्णिकेच्या एक पंचमांशापेक्षा खोल गेली की तीन पानांच्या ऐवजी सहा पाकळ्या दिसायला लागतात, आणि लांबून बघणाऱ्याला ते फूल वाटतं. नवीन माणसाचं पान बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

जागा ठरवायला घड्याळ वापरा. एक पर्णिका १२ वर, दुसरी ४ वर, तिसरी ८ वर आणि देठ ६ वर. मुलांना कोनमापक देण्यापेक्षा हे पटकन कळतं. देठ सरळ काठीसारखा काढू नका, टोकाला किंचित एका बाजूला वळू द्या आणि खाली जरासा रुंद करा. नमुना हवा असेल तर एअर लिंगसच्या विमानाच्या शेपटीवरचं पान बघा, डब्लिनच्या आकाशात ते रोजच दिसतं.

आता कातरकाम. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन हृदयं वेगवेगळी कापायला सांगितली तर तिन्ही तीन मापांची होतात. म्हणून घडी घालून एकाच कातरीत तिन्ही काढायची. साध्या ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) हिरव्या कागदावर वाटी उपडी ठेवून १२ सेंटिमीटरभर व्यासाचं वर्तुळ कापा. ते मधोमध दुमडा. मिळालेल्या अर्धवर्तुळाचे तीन सारखे भाग पाडायचे: उजवा तिसरा हिस्सा आत, त्याच्यावर डावा तिसरा हिस्सा. मोजायचं असेल तर युक्ती सोपी आहे, वर्तुळाच्या त्रिज्येएवढी कागदाची पट्टी घ्या आणि कडेवर दोन टोकांनी ठेवा, बरोबर साठ अंशांचा भाग मिळतो. आता हातात सहा पदरांचा एक त्रिकोणी फाक आहे. त्याची एक घडीची बाजू म्हणजे पर्णिकेचा मध्य. त्या बाजूला अर्धं हृदय काढा: बाहेरच्या टोकाला हलकी खाच, मग गोल फुगवटा, आणि तिथून आत वळत दुसऱ्या घडीकडे.

इथे हात आवरायचा. दुसऱ्या घडीला कात्री पोचते तिथे टोकापासून पाच-सहा मिलिमीटर कागद शिल्लक राहिलाच पाहिजे. तेवढ्यावरच तिन्ही पानं एकमेकांना धरून असतात. मुलं उत्साहात टोकापर्यंत कापतात आणि उलगडल्यावर तीन सुटी हृदयं मांडीवर पडतात. मी टोकाला आधीच पेननं ठळक ठिपका काढून देते आणि सांगते, कात्री या ठिपक्याला शिवली नाही पाहिजे. उलगडल्यावर पर्णिकेच्या मध्यावर घडीची रेघ राहते. ती दाबून काढू नका, पानाची शीर म्हणून ती फार छान दिसते. देठ वेगळा कापून मागून चिकटवा. या पद्धतीत तो एकाच कागदातून निघत नाही.

जाड कार्डशीटवर हे करू नका. सहा पदर मुलाच्या कात्रीला झेपत नाहीत, आणि आतले पदर सरकून पान एका बाजूला कलतं. कार्डशीटचं पान हवं असेल तर पातळ कागदाचं आधी कापा, ते ठेवून गिरवा.

हिरव्या रंगाबद्दल एक सांगते. बाटलीतला पोस्टर रंगाचा हिरवा बहुतेक वेळा निळसर, थंड असतो. त्यात थोडा पिवळा मिसळला की पान जिवंत होतं. दोन-तीन छटांचे कागद मिसळून माळ केली तर एकाच हिरव्यापेक्षा कितीतरी बरी दिसते. पांढऱ्या क्लोव्हरच्या पर्णिकेवर एक फिकट पट्टा असतो, इंग्रजी व्हीसारखा वाकलेला. पांढऱ्या पेन्सिलीनं तो हलका काढला की कोणीही म्हणेल, हिनं खरं पान पाहिलंय. तुमच्याकडे २६ जानेवारीचे हिरवे, पांढरे, केशरी कागद उरले असतील, ते जरूर वापरा. आयर्लंडच्या झेंड्यातही हेच रंग आहेत. फक्त पट्टे उभे आणि काठीच्या बाजूला हिरवा, मग पांढरा, मग नारिंगी. उलटं लावलंत तर तो आयव्हरी कोस्टचा झेंडा होतो, आणि वर्गातली मुलं लगेच पकडतात.

ठसेकाम तुमच्या मुलीच्या वयाला सगळ्यात चांगलं. आपण शाळेत भेंडीचे ठसे मारायचो, इथे ढोबळी मिरची घ्यायची. मिरची विकत घेतानाच उलटी करून बघा. खाली तीन उंचवटे असलेली मिळाली तर आडवी कापल्यावर शॅमरॉक तयार. चार उंचवट्यांची घेतलीत तर पुन्हा तेच नशिबाचं क्लोव्हर, ती भाजीत घाला. मिरची खालच्या टोकापासून साधारण दोन बोटं वर आडवी कापा. आतल्या बिया आणि पांढरे पडदे चमच्यानं काढून टाका, नाहीतर ठशात मध्ये घाण डाग पडतो. मग कापलेली बाजू खाली करून ती किचन टॉवेलवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हे टाळू नका. ओल्या कडेवर रंग धरत नाही, घसरतो आणि ठशाची बाहेरची रेघ तुटक येते.

रंगही ताटलीत ओतायचा नाही. भांडी घासायचा नवा स्पंज ओला करून घट्ट पिळा, त्यावर रंग पसरवा आणि मिरची त्यावर दाबा, जसं शिक्क्याला पॅड वापरतो तसं. प्रत्येक दोन-तीन ठशांनंतर रंग पुन्हा लावा. मिरचीचा ठसा म्हणजे पोकळ बाह्यरेषा. ती वाळली की मुलगी बोटानं किंवा कापसाच्या काडीनं आत भरू शकते. भरीव ठसा हवा असेल तर बटाटा. बटाट्यावर तीन पानं कोरायचं काम सुरीचं, ते तुम्ही करा. एकच हृदय कोरून ते १२, ४ आणि ८ वर तीनदा मारणं त्याहून सोपं. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीची एक बाजू आत दाबून टेप लावली की तिचंही हृदय होतं, तेसुद्धा तीनदा मारायचं.

आता बिल्ला. मला स्वतःला या सगळ्या प्रकारात हाच सर्वांत आवडतो, कारण तो तिथल्या मातीतला आहे. प्लॅस्टिकच्या टोप्या यायच्या फार आधी, अगदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, आयर्लंडमधली मुलं १७ मार्चला घरी केलेले 'पॅट्रिकचे क्रूस' छातीवर लावत. मुलगे कागदावर वर्तुळ आणि त्यात क्रूस काढून रंगवत. मुलींचा क्रूस पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांचा, त्यावर रंगीत रेशमी फिती गुंडाळलेल्या आणि मधोमध फितीचंच फूल. मेयो परगण्यात कॅसलबारजवळ टर्लो पार्कला आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामीण जीवनाचा विभाग आहे, तिथे हे क्रूस जपून ठेवलेत. कधी त्या बाजूला गेलात तर मुलीला दाखवा.

शाळेत न्यायला हेच करा. पुठ्ठ्याचं पाच सेंटिमीटर व्यासाचं गोल, त्यावर पांढरा कागद, कडेनं हिरव्या-पिवळ्या फितीची चुणी आणि मधोमध फेल्टचा छोटा शॅमरॉक. फेल्ट साधारण एक-दोन मिलिमीटर जाडीचं घ्या. ते कापल्यावर कडेला धागे सुटत नाहीत म्हणून काजं-टाक्याचीही गरज नाही. तीन हृदयं कापा, प्रत्येकाच्या टोकाला एक चिमूट घालून टाका घ्या म्हणजे पान किंचित खोलगट होईल, मग तिन्ही टोकं एकत्र शिवा. देठाला हिरव्या लोकरीच्या दोन धाग्यांचा पीळ. मागे सेफ्टी पिन गोंदानं चिकटवू नका, सुटते. फेल्टचा एक छोटा तुकडा पिनेच्या न उघडणाऱ्या दांडीवरून घालून शिवून टाका. हा बिल्ला पावसात भिजला तरी काही होत नाही, आणि तिथल्या मिरवणुकीत पाऊस येतोच असं धरून चालावं. क्रेप कागद मात्र बाहेर नेऊ नका. दोन थेंब पडले की हिरवा रंग उतरतो, आणि तो फिकट जॅकेटवरून सहज जात नाही.

तुमच्या सासूबाई क्रोशा करतात असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना यात ओढाच. क्रोशाची आयरिश लेस जगप्रसिद्ध आहे, आणि तिचा इतिहास सुखाचा नाही. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, माणसं उपाशी मेली, लाखो देश सोडून गेली. त्या काळात बायकांच्या हाताला काम आणि घरात दोन पैसे यावेत म्हणून क्रोशाची लेस शिकवली गेली. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात १८४७ साली धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनं ती सुरू केली आणि क्लोन्सची लेस म्हणून ती नावारूपाला आली. त्यात गुलाब, द्राक्षं, पानं असे एकेक नमुने वेगवेगळे विणतात, कापडावर उलटे टाकून कच्चे टाके घालतात आणि मधली जागा जाळीनं भरतात. शॅमरॉक हा त्यातला नेहमीचा नमुना.

सासूबाईंना कृती अशी सांगा. चार साखळ्या घालून गोल बंद करा. गोलातच तीन साखळ्या, मग दोन दुहेरी खांब, एक साधा खांब, पुन्हा दोन दुहेरी खांब, तीन साखळ्या आणि गोलात सरकता टाका. हे एक पान. असं एकूण तीनदा. मधला खांब बाजूच्यांपेक्षा बुटका असल्यामुळे तिथे आपोआप खाच पडते. शेवटी दहा साखळ्या घालून मुक्या खांबांनी परत या, देठ झाला. क्लोन्सच्या बायका हे टाके एका जाडसर दोऱ्यावरून विणायच्या, म्हणजे कडा भरीव आणि उठून दिसते. सासूबाईंनी पहिलं पान साध्या पद्धतीनं जमवलं की दुसऱ्या वेळी आत दोरा धरून बघू द्या. फरक त्यांनाच कळेल. सुती दोरा घ्या. लोकरीनं खाच बुजते आणि पान ढोबळं दिसतं. बारा-पंधरा पानं झाली की सुतळीवर ओवून खिडकीला टांगा, दरवर्षी तीच काढायची.

माळेवरून कागदाच्या पट्ट्यांची उभारीची पानं आठवली. दोन सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब पट्टी मधोमध दुमडायची, दोन्ही सुटी टोकं आत वळवून एकमेकांना स्टेपल करायची. दुमड खाली, खाच वर, हृदय झालं. अशी तीन हृदयं दुमडीकडून एकत्र आणा, शेजारच्या बाजूंना गोंद लावून कपड्यांच्या चिमट्यांनी तासभर धरून ठेवा, खालच्या फटीत देठाची पट्टी. याला जरा दणकट कागद हवा, १२० ते १६० जीएसएमचा. पातळ कागदाची हृदयं दोन दिवसांत बसकी होतात, त्यातून घरात हीटर चालू असेल तर आणखीच.

घर भाड्याचं आहे म्हणून तुम्ही भिंतींची चिंता करताय, पण मुळात भिंतीला हात लावूच नका. पोस्टर लावायची चिकट माती लावली तर रंगावर तेलकट डाग राहतो, टेप काढताना पापुद्रा निघतो. खिडक्या आहेत ना! वह्या-पुस्तकांना घालतात ती पारदर्शक चिकट फिल्म घ्या. तिचा कागद सोलून चिकट बाजू वर करून टेबलावर पसरा, चारी कोपरे टेपनं टेबलाला धरून ठेवा. काळ्या कागदाची शॅमरॉकची नुसती चौकट कापून तिच्यावर ठेवा. मुलीला हिरव्या, पोपटी, पिवळ्या पतंगी कागदाचे फाडलेले तुकडे द्या आणि चौकटीच्या आत दाटीनं लावू द्या. तुकडे एकमेकांवर चढले तर उत्तमच, तिथे रंग गडद होतो. वरून फिल्मचा दुसरा तुकडा लावून बंद करा, कडा कापा. काचेला लावायला दोन थेंब पाणी आणि एक थेंब भांड्यांच्या साबणाचा, एवढं पुसून त्यावर दाबलं तरी बरेच दिवस टिकतं. पडलं तर पुन्हा तेच. मार्चमधलं उतरतं ऊन त्यातून आत आलं की खोलीभर हिरवे डाग पडतात, मुलांना ते फार आवडतं.

दारावरचं तोरण वगैरे करणार असाल तर पुठ्ठ्याचं पंचवीस सेंटिमीटरचं गोल कडं कापा, त्याच्यावर कातरकामाची पानं एकाआड एक, अर्धी एकमेकांखाली लपवत चिकटवा आणि दाराच्या वरच्या कडेवरून रिबीन आत सोडून आतल्या बाजूनं दाराच्या कडीला बांधा. एवढं पुरे.

मिठाच्या कणकेचे शॅमरॉकही बरेच जण करतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी, घट्ट मळून अर्ध्या सेंटिमीटरची पोळी लाटायची. तीन हृदयं कापून ओल्या बोटानं जोडायची, टांगायचं असेल तर काडीनं भोक आत्ताच पाडायचं, आणि ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवायची. मी तिथे हे फारसं सुचवत नाही. हवेतली ओल शोषून महिनाभरात ती मऊ पडतात, दोन्ही बाजूंनी व्हार्निश मारलं तरच टिकतात. आणि घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर करूच नका. एवढं मीठ कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि त्यांना त्या वासाची ओढ असते.

काय टाळावं तेही सांगते, कारण शाळेत न्यायचं आहे. हिरव्या कोटातला बुटका, नारिंगी दाढीवाला लेप्रेकॉन (आयरिश लोककथांतलं एक पात्र) आणि सोन्याचं भांडं. दुकानं यानंच भरलेली असतात, पण तिथल्या बऱ्याच लोकांना ती आपली टिंगल वाटते. पताकेवर 'पॅटीज डे' लिहू नका, तिथे पॅट्रिकचं लाडकं नाव पॅडी, म्हणून 'पॅडीज' म्हणतात, पॅटीवरून लोक खरोखर चिडतात. त्याऐवजी सणाचं आयरिश भाषेतलं नाव लिहा. १ ते १७ मार्च या काळात शाळांतून आयरिश भाषेचा उत्सव चालतो, तेव्हा मुलीला त्याचं स्पेलिंग बाईच देतील, उच्चार साधारण 'लॉ एले पॉड्रिग'. देशाचं अधिकृत बोधचिन्ह शॅमरॉक आहे असंही कुठे लिहू नका. ते मानाचं स्थान वीणेसारख्या हार्पचं आहे, तिथल्या युरोच्या नाण्यावर तोच असतो.

राहिला खरा शॅमरॉक. १७ मार्चच्या आधी काही दिवस दुकानांतून त्याच्या छोट्या जुड्या मिळतात. कोटाच्या डाव्या बाजूला खोचायच्या. आणल्यावर मुळांना किंवा देठांना ओला कापूस गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा बांधा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी निघताना पिन लावा. नाहीतर दुपारपर्यंत माना टाकतात. खोचून झालेली पानं फेकू नका. टिपकागदात घालून जाड पुस्तकाखाली दोन आठवडे दाबली की पुढच्या वर्षीच्या शुभेच्छापत्रांना खरी पानं तयार. दाबताना तिन्ही पर्णिका बोटानं उघडून सपाट करा, क्लोव्हर काय आणि आंबुशी काय, दोघींनाही अंधारात पानं मिटायची सवय आहे, म्हणून हे काम संध्याकाळनंतर करू नका.

पुढच्या वर्षी कुंडीत लावून बघणार असाल तर पांढऱ्या क्लोव्हरचं बी घ्या, मिळायला आणि उगवायला सोपं. जानेवारीच्या शेवटी पसरट कुंडीत चिमूटभर बी भुरभुरा, वर मातीचा अगदी पातळ थर, आणि कुंडी सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पहिली दोन पानं साधी, गोल असतात, त्यांच्यानंतर येणारं पहिलं खरं पानही एकाच पर्णिकेचं असतं. तेव्हा "बी खोटं निघालं" म्हणून उपटून टाकू नका, तीन पर्णिका त्याच्यापुढच्या पानाला येतात. १७ तारखेला शाळेला सुट्टी असते, तेव्हा कुंडी वर्गात द्यायची झाली तर दोन-तीन दिवस आधी न्या.